डावीकडची मोकळी लेन

सिग्नलला माणूस कोणत्या ओळीत उभा राहील हे आधीच सांगणं, हे एके काळी माझं काम होतं. आज कुणाला सांगितलं तर लोक हसतात, आणि हसावं असंच ते आहे. पण तेव्हा मी ते मान मोडून केलं. एवढं करूनही मला माणसांचं काही कळलं असं म्हणवत नाही. उलट आधी जे थोडंफार कळतंय असं वाटायचं, तेही गेलं.

मी मूळची नांदेडची. इंजिनिअरिंग संपवून नोकरीसाठी लातूरला आले ती भूकंपानंतर. पहिली काही वर्षं नव्या गावठाणांची आखणी करण्यात गेली. पडलेली गावं सोडून लोकांना माळावर वसवायचं होतं. तिथे दोरी धरायची, खुंट्या ठोकायच्या, चुन्याच्या फक्कीने पांढऱ्या रेघा मारून घरांचे प्लॉट पाडायचे, हे माझं काम. ते आटोपल्यावर माझी रवानगी शहरातल्या रस्त्यांवर झाली. घरं आखणाऱ्या बाईला रस्ते आखायला काय लागतंय, असा वरच्यांनी विचार केला असावा.

तोवर लातूर ओळखू येईनासं झालं होतं. दहावी-बारावीच्या निकालांनी गावाचं नाव गाजलं आणि सगळ्या मराठवाड्यातून पोरं क्लास लावायला येऊ लागली. मी ज्या घरात खोली घेऊन राहत होते, त्याच्या मालकिणीने हॉलमध्ये, जिन्याखाली, अगदी देवघराच्या दारातसुद्धा खाटा टाकून मुली ठेवल्या होत्या. पहाटे त्यातली एखादी मोठ्याने रसायनशास्त्र पाठ करायला लागायची आणि मी उशीत तोंड खुपसून तिच्या मास्तरांचा उद्धार करायचे.

क्लासेसच्या भागाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक चौक होता. तिथे नुकताच सिग्नल बसवला होता. लोकांना शिट्टी वाजवणाऱ्या हवालदाराची सवय, त्यामुळे दिवा हिरवा झाला तरी काही जण हवालदाराच्या रिकाम्या चौथऱ्याकडे बघत थांबायचे. सकाळी एक बॅच सुटून दुसरी भरायची त्या वेळी तर बघायलाच नको. रिक्षा, सायकली, लुना, काळ्यापिवळ्या जीपा, उसाचा एखादा ट्रॅक्टर, आणि सगळ्यांच्या मागे अडकलेली एसटी. हिरवा दिवा लागून जायचा आणि एसटी तिथल्या तिथे.

आमचे साहेब निवृत्तीला टेकले होते. बोलायला तिरसट, पण कामात खोट खपवून न घेणारे. त्यांनी ठरवलं की या चौकात सरळ जाणाऱ्यांसाठी डाव्या बाजूला एक जादा लेन काढायची. कल्पना सोपी होती. लाल दिव्याला एकामागे एक उभं राहण्याऐवजी गाड्या दोन ओळींत उभ्या राहतील, हिरवा लागला की दोन्ही ओळी एकदम सुटतील. चौक ओलांडल्यावर थोड्या अंतराने जादा लेन संपेल आणि डावीकडच्यांनी उजवीकडच्यांत मिसळून जायचं.

प्रश्न एवढाच होता की त्या जादा लेनमध्ये जाईल कोण. पुढे जाऊन परत मिसळायचंच आहे तर मुळात बाजूला कशाला व्हा, असं वाटणारे पुष्कळ असतात. साहेबांनी मला समजावून सांगितलं. पुष्कळ लोक त्या लेनमध्ये येणार असतील तर चौकापलीकडे मिसळण्यासाठी लांब जागा लागेल. थोडेच येणार असतील तर आखूड जागेत भागेल. म्हणून आधी आकडा हवा. शंभरातले किती जण डावीकडे जातील, तो आकडा.

आणि चौकाच्या पलीकडे, लांब जागा घ्यायची झाली तर जिथून घ्यावी लागेल नेमकं तिथेच, एका बाइंडरचं दुकान होतं.

आम्ही सगळे त्याला चाचा म्हणायचो. दोन फळ्यांचं दुकान, वर पत्रे, आत खळीचा वास. त्याच्या आजोबांनी निजामाच्या काळात कचेरीच्या दप्तरांना जिल्दी बांधल्या होत्या. बापाने शाळांची हजेरीपुस्तकं बांधली. चाचाच्या वाट्याला क्लासच्या नोट्स आल्या. पोरं झेरॉक्सचे गठ्ठे घेऊन यायची. चाचा ते मांडीवर ठोकून सारखे करायचा, दाभणाने भोकं पाडायचा, दोऱ्याने शिवायचा आणि पाठीला निळं कापड चिकटवायचा. त्याची एक पद्धत होती. शिवायच्या आधी तो प्रत्येक गठ्ठ्याची पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा. एक पान जरी मागेपुढे किंवा गायब निघालं तर गठ्ठा परत. पोरं घाईत असायची, चिडायची, पण तो ऐकायचा नाही. त्या दुकानावर घरात सात माणसं जेवत होती आणि दुसरं काही हातात नव्हतं.

आमच्या ऑफिसचं बाइंडिंगही त्याच्याकडेच जायचं. त्यामुळे आकड्याची भानगड त्याला माझ्याइतकीच ठाऊक होती. मी चौकात गेले की तो स्वतः चहाचा ग्लास घेऊन यायचा आणि विचारायचा, आकडा आला का. आला नाही म्हटलं की मान हलवून परत जायचा. माझ्या हातात जणू त्याच्या दुकानाची किल्ली होती, आणि ती कोणत्या कुलपाला लागते हे मलाच माहीत नव्हतं.

साहेबांनी कुठूनशी एका परदेशी पुस्तकाची झेरॉक्स आणून दिली होती. त्यात सूत्र होतं. पण त्या पुस्तकातला ड्रायव्हर मोठा शहाणा माणूस होता. लांब ओळ दिसली की तो आखूड ओळीत जायचा. पुढे लेन कुठे संपते, मिसळताना किती अडचण होईल, वेळ किती वाचेल, हे सगळं तो स्टेअरिंगवर बसल्या बसल्या तोलायचा. असा माणूस मला लातुरात भेटला नव्हता आणि नांदेडातही नाही. मी सूत्रात आकडे घालायचे, उत्तर यायचं, आणि ते उत्तर घेऊन चौकात उभी राहिले की मला त्यातलं काहीच दिसायचं नाही.

मी विचारत सुटले. शनिवारी एसटीने घरी जाताना ड्रायव्हरच्या जवळची सीट धरली आणि अहमदपूरच्या स्टँडवर गाडी चहाला थांबली तेव्हा त्यांना विचारलं की दोन ओळी असल्या तर तुम्ही कोणती धरता. ते म्हणाले, ओळ नाही बघत, पुढे कोण आहे ते बघतो. पुढे उसाचा ट्रॅक्टर असेल तर ती ओळ नको, लांबच्या पल्ल्याचा ट्रक असेल तर खुशाल त्याच्या मागे लागायचं, आणि लग्नाची जीप असेल तर दोन्ही ओळी सोडून चहा प्यायचा. नांदेडला आईला विचारलं. आई म्हणाली, ती नळावर नेहमी लांब ओळीतच उभी राहते, कारण लांब ओळीत ओळखीच्या बायका असतात. हे मी पुस्तकाच्या कोणत्या रकान्यात भरणार होते?

शेवटी मी साहेबांना म्हटलं की सूत्र राहू द्या, आपण लेन खोटी खोटी करून बघू आणि मोजू. त्यांना पटलं. रस्त्याच्या कडेची पट्टी सपाट करून मुरूम टाकला, रोलर फिरवला. मग मी स्वतः उभी राहून आखणी करून घेतली. चौकाच्या अलीकडे एक लांब पट्टा, पलीकडे एक. चारी बाजूंनी फक्कीच्या रेघा, कोपऱ्यांना बुटक्या खुंट्या. पलीकडचा पट्टा चाचाच्या पायरीशी संपत होता, कारण मोजणीसाठी कुणाचं दुकान पाडता येत नव्हतं. सुरुवातीला पाटी लावली की ही लेन सरळ जाणाऱ्यांसाठी आहे. मी माझ्या आखणीवर खूश होते. रेघा कशा सुतात होत्या.

आणि मग तिथे कुणीच आलं नाही.

एक दिवस गेला, दोन गेले. उजवीकडची ओळ पार पेट्रोल पंपापर्यंत लांबायची, हॉर्नने कान किटायचे, आणि डावीकडे माझा पांढरा पट्टा स्वच्छ रिकामा. एक शेळी तिथे येऊन बसायची, तिलासुद्धा मी नोंदवून ठेवलं. पुस्तक म्हणत होतं पुष्कळ लोक येतील. मला वाटत होतं निम्मे तरी येतील. कुणी आलं नाही याचा अर्थ काय लावायचा हे मला कळेना. मी छत्री घेऊन कडेला उभी राहायचे आणि अडकलेल्या लोकांना विचारायचे की अहो, ही मोकळी आहे, इकडून का जात नाही.

उत्तरं ऐकून माझं डोकं फिरायची वेळ आली. स्कूटरवरचे एक प्राध्यापक म्हणाले, कुणी मंत्री येणार आहे ना. एक दूधवाला म्हणाला, पुढचा गेला नाही म्हणून मी गेलो नाही. त्याच्या पुढच्याला विचारलं तर तो म्हणाला, मागचा कुणी हॉर्न वाजवत नव्हता. एक बाई म्हणाल्या, तिथे कबड्डीचे सामने आहेत असं त्यांच्या मुलाने सांगितलं. रिक्षावाले मात्र नुसते माझ्याकडे बघायचे आणि मान फिरवायचे. त्या चौकात सगळ्यांत जास्त रिक्षाच होत्या, आणि रिक्षा हलल्या नाहीत की मागचे कुणीच हलत नव्हते. एवढं माझ्या लक्षात आलं होतं. का हलत नाहीत हे नव्हतं आलं.

चाचा रोज चहा आणत होता. आता तो आकड्याचं विचारत नव्हता. रिकाम्या पट्ट्याकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा आणि ग्लास घेऊन जायचा. त्याला आनंद झाला असेल असं मी धरून चालले होते. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटत होतं. लेन कुणी वापरत नाही म्हणजे आखूड जागेत भागेल, दुकान वाचेल. माझं सूत्र चुकलं होतं, पण ते चुकल्याचं मला फार वाईट वाटत नव्हतं.

पाचव्या दिवशी मी ऑफिसच्या जीपमधून चौकात आले. आमचा ड्रायव्हर भूकंपातल्या गावाचा. त्याच्या घरातली तीन माणसं गेली होती. गावठाणांच्या आखणीत तो माझ्यासोबत टेप धरायला असायचा, नंतर जीपवर लागला. बोलायचा कमी. त्या दिवशी सिग्नल लाल होता आणि आमच्या पुढे उसाचा ट्रॅक्टर धूर सोडत उभा होता. डावीकडे माझीच लेन मोकळी. मी म्हटलं, घाल ना तिकडून. त्याने गाडी घातली नाही. मी पुन्हा म्हटलं, आवाज चढवून म्हटलं. तेव्हा त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं,

"म्याडम, फक्की मारलेली हाय. कुनाचं तरी घर हाय ते. त्यातून कशी घालू गाडी?"

मला माळावरची ती गावठाणं आठवली. आम्ही फक्की मारून, चारी कोपऱ्यांत खुंट्या ठोकून प्लॉट पाडायचो आणि चिठ्ठ्या टाकून लोकांना द्यायचो. घरं उठायला फार वेळ लागला. तोवर नुसत्या रेघा. पण लोक त्या रेघांवरून चालत नसत. शेजारच्याकडे जायचं तरी वळसा घालून, जिथे त्याचं दार होणार आहे तिथून जायचे. एकदा मी घाईत एका प्लॉटमधून आडवी गेले तर आत बसलेली एक म्हातारी म्हणाली होती, "बाई, भितीतून काय येता? दार तिकडं हाय." तिच्या डोक्यावर छप्पर नव्हतं आणि ती भिंतीचं सांगत होती. मी तिची माफी मागून परत फिरले होते आणि दाराने आत गेले होते.

आणि आता हात सवयीने चालले होते. रस्त्यावर लेन आखायची तर दोन बाजूंना रेघा मारून तोंड मोकळं सोडायला हवं होतं. मी चारी बाजू बंद करून, खुंट्या ठोकून, भर चौकात दोन लांबच लांब प्लॉट पाडून ठेवले होते. लातुरातले निम्मे रिक्षावाले त्या गावांतूनच पोटासाठी आलेले. ते पट्ट्यात शिरत नव्हते यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. चुकलं माझं होतं, आणि माझी मोजणी कवडीमोल होती.

त्यानंतर मी जे केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी काहीच केलं नाही. साहेबांना सांगितलं नाही, रेघा पुसल्या नाहीत, आठवडा पुरा होईपर्यंत मोजत राहिले. मग अहवाल लिहिला की प्रत्यक्ष पाहणीत वाहनचालक जादा लेनचा वापर करत नाहीत, सबब चौकापलीकडे आखूड लांबी पुरेशी आहे. वाक्य खरं होतं. शब्द न् शब्द खरा होता. मी स्वतःला सांगत होते की सात माणसांचं पोट वाचतंय, त्याहून मोठं काय आहे. दुसऱ्याच क्षणी वाटायचं की मागे अडकलेल्या एसटीतही माणसंच बसलेली असतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटायच्या, आणि खोटं बोलताना माणसाला आपण खोटं बोलतोय हे निदान कळावं, तेवढंही मला कळत नव्हतं.

साहेबांना तीन प्रती बांधून हव्या होत्या. मी त्या चाचाकडे दिल्या. मुद्दामच दिल्या. त्याने वाचावं आणि त्याचा जीव भांड्यात पडावा, असं माझ्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ऑफिसात आला. कधी यायचा नाही. गठ्ठे माझ्या टेबलावर ठेवले, तिन्ही न बांधलेले.

"म्याडम, एक पान कमी हाय."

मी म्हटलं की पानं मी मोजून दिली होती, नंबर टाकलेले आहेत, बघा.

"नंबर बराबर हायेत. फक्कीचं पान न्हाई."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी मी दाराकडे बघितलं. मग त्याने सांगितलं ते असं. पहिल्याच दिवशी दोन-तीन रिक्षावाले त्याच्या दुकानात येऊन विचारून गेले होते की हे कुणाचं आखलंय. त्याने सांगितलं होतं, आहे एका गरिबाचं. त्याच्या मते ते खोटं नव्हतं, कारण त्या रेघांच्या पुढे त्याचंच दुकान होतं. मग तेच बोलणं सगळ्या स्टँडवर फिरलं. म्हणजे मला पाचव्या दिवशी जे कळलं ते त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पाचव्या दिवसापासून आम्ही दोघं रोज एकमेकांसमोर उभे राहून चहा पीत होतो आणि तेच लपवत होतो.

मला त्याचा राग आला. खोटं कशाला बोलू, भयंकर राग आला. मी याच्यासाठी नोकरी पणाला लावतेय आणि हा माणूस मलाच पान कमी आहे म्हणून सांगायला येतो. मी म्हटलं, हे पान घातलं तर काय होईल ते कळतंय का तुम्हाला? पुन्हा मोजावं लागेल. आणि या वेळी लोक येतील. तुमचं दुकान जाईल.

"जाईल," तो म्हणाला. "रिक्षावाल्यांसंगं बोललो ते तोंडी बोललो, हवेत गेलं. हे मी माझ्या हातानं शिवलं तर ऱ्हाईल की म्याडम. पान कमी असलेलं मी कुनाचंच शिवत न्हाई, मग माझं कसं शिवू?"

तो गेल्यावर मी ते न बांधलेले गठ्ठे पुढे ओढले. लाज वाटत होती, आणि ती कशाची हेही नक्की कळत नव्हतं. खोटं लिहिल्याची, की त्याच्या जिवावर स्वतःला चांगली समजत बसल्याची. मग एक कोरा कागद घेतला आणि फक्कीचं सगळं लिहिलं. साहेबांनी ते उभ्याउभ्याच वाचलं आणि मला हे कधी कळलं ते विचारलं. मी दिवस सांगितला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओरडले असते तर बरं झालं असतं. फक्त म्हणाले, पुन्हा मोजा.

रेघा पाण्याने धुतल्या, खुंट्या उपटल्या. या वेळी डांबराची रिकामी पिंपं ओळीने उभी केली आणि तोंड मोकळं सोडलं. तरी पहिली गाडी आत शिरेना. रिक्षावाले अजून बघत होते. मी आमच्या ड्रायव्हरला म्हटलं, तू घाल जीप, तुझं बघून बाकीचे येतील. तो जीपमध्ये बसला, किल्ली फिरवली आणि थांबला. समोर चौकापलीकडे चाचा दुकानाच्या पायरीवर उभा होता. ड्रायव्हरने मला विचारलं,

"कुनाचंच न्हाई ना हे?"

"नाही," मी म्हटलं. "कुणाचंच नाही."

त्याने जीप घातली. मागून एक रिक्षा आली, मग दुसरी, मग दूधवाला, मग सगळेच. दोन दिवसांत लेन तुडुंब भरली. पुस्तक म्हणत होतं त्याहून जास्त. एसटी एका हिरव्यात सुटायला लागली. आत बसलेल्या पोरी खिडकीतून हात काढून हसत होत्या, त्यांना क्लासला उशीर होत नव्हता म्हणून. मी आकडे लिहीत होते. काम फत्ते झालं होतं आणि मी पलीकडच्या पायरीकडे बघायचं टाळत होते.

चाचाने तिन्ही प्रती बांधून दिल्या. निळं कापड, पाठीवर सरळ शिवण, नेहमीसारखं. त्याला पाडापाडीची नोटीस गेली तेव्हा मी रजा टाकून नांदेडला निघून गेले होते. हा भित्रेपणा होता, दुसरा शब्द नाही. परत आले तेव्हा तिथे सपाट रस्ता होता.

पुढे काही वर्षं मी लातुरातच होते. चाचाने क्लासेसच्या मागच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेतली होती हे मला माहीत होतं, पण मी तिकडे गेले नाही. ऑफिसचं बाइंडिंगही मी दुसरीकडे देऊ लागले. आणि एक विचित्र गोष्ट झाली. तोवर माझ्याकडे स्कूटी आली होती आणि त्याच चौकातून मला रोज जावं लागायचं. मी कधीच डावीकडच्या लेनमध्ये गेले नाही. मुद्दाम ठरवून नाही. हँडल वळायचंच नाही. उजवीकडे दहा गाड्या असल्या आणि डावीकडे एक नसली तरी मी अकरावी म्हणून उजवीकडे उभी. मीच आखलेली, मीच मोजलेली लेन. चाचाही त्या चौकाकडे फिरकत नसेल, लांबून वळसा घालून जात असेल, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. बाकी कुणाचं नाही तरी त्या एका माणसाचं मला नक्की सांगता येईल असं वाटत होतं.

मग माझी भाची क्लाससाठी नांदेडहून आली. तिच्या नोट्स बांधायच्या होत्या आणि तिच्या मैत्रिणींनी तिला चाचाचंच नाव सांगितलं. मला टाळता आलं नाही. खोली अंधारी होती, पण गर्दी पूर्वीइतकीच. तो म्हातारा झाला होता. मला बघून उठला, स्टूल पुसून दिलं. भाचीचा गठ्ठा पान पान करून बघितला आणि दोन पानं उलटी निघाली ती सरळ केली. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले. शेवटी राहवलं नाही, म्हटलं, घर तर पलीकडच्या बाजूला ना तुमचं, मग येता-जाता कसं करता, बराच फेरा पडत असेल.

"फेरा कशाला?" तो म्हणाला. "मोपेड हाय की. आपल्या चौकातूनच येतो, त्या डाव्या लेनीनं. लई झटकन निघतं."

मी म्हटलं, मी नाही जात तिकडून.

त्याला खरंच नवल वाटलं. दोरा हातात तसाच धरून त्याने विचारलं, "का?"

मनात पुष्कळ होतं, पण त्यातलं एकही वाक्य त्याच्यासमोर उभं राहील असं वाटेना. त्याच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता, मोठेपणाही नव्हता. रस्ता मोकळा असतो म्हणून तो जात होता. एवढंच.

संध्याकाळी भाचीला मागे बसवून क्लासला सोडायला निघाले. चौकात सिग्नल लाल होता. उजवीकडे ट्रक होता, त्याच्या मागे मी थांबले. भाची म्हणाली, मावशी, डावीकडे मोकळं आहे की. मी हँडल घट्ट धरून उभी राहिले. तेवढ्यात आमच्या डाव्या बाजूने एक मोपेड गेली. मागे नोट्सचे गठ्ठे दोरीने बांधलेले होते. चाचाने आम्हाला बघितलं नाही. रिकाम्या लेनमधून तो थेट दिव्यापर्यंत गेला, एक पाय खाली टेकला आणि त्याचं जुनं दुकान होतं त्या दिशेला तोंड करून हिरव्याची वाट बघत थांबला.